श्वास चालू आहे का?

रुग्णवाहिकेसाठी फोन केला की पलीकडून पहिला आवाज ज्यांचा येतो, ती माणसं एका मोठ्या खोलीत बसलेली असतात. बावीस खुर्च्या, बावीस स्क्रीन, आणि खिडक्यांना कायमचे पडदे. थोरली त्या खोलीत एकोणीस वर्षं बसत होती. पहिल्या तुकडीतली ती एकटीच उरली होती, म्हणून सगळे तिला थोरली म्हणायचे; साहेबसुद्धा.

त्या वर्षी तिच्या घशात गाठ निघाली. वाटाण्याएवढी, साधीच. काढणाऱ्या डॉक्टरांनी बजावलं, "पहिले पंधरा दिवस तोंड बंद. पुढचे दोन महिने गरजेपुरतंच बोलायचं."

"एवढं सुख माझ्या नशिबात होतं होय!" नवरा म्हणाला. तो छापखान्यात मशीनवर होता, आणि दिवसभराच्या खडखडाटानंतर घरात शांतता मिळणार म्हणून पहिले दोन दिवस खूश होता. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "अगं, निदान भांडायला तरी बोल."

घरी बसून थोरलीचा जीव कातावला. नेमकी त्याच सुमारास सार्वजनिक आरोग्य विभागातून एक संशोधक डॉक्टर आली होती. तिशीची, पाठीवर सॅक, चष्मा केसांत खोचलेला आणि मग तोच चष्मा सगळीकडे शोधणारी. दवाखान्यात पोचायच्या आत जी माणसं दगावतात, त्यातली किती वाचू शकली असती, हे तिला बघायचं होतं. त्यासाठी गेल्या दोन वर्षांतले दोनशे बारा फोन तिनं निवडले होते. या प्रत्येक फोनच्या शेवटी गाडी पोचली तेव्हा माणसाचं हृदय बंद पडलेलं सापडलं होतं. ते सगळे फोन कोणीतरी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायला हवे होते, आणि ऐकणाऱ्याला या कामाची जाण हवी होती.

"बोलायचं नाही, नुसतं ऐकायचं," साहेब म्हणाले. "थोरली, तुझ्यासाठीच काढलंय बघ हे काम."

जिन्याशेजारच्या जुन्या सामानाच्या खोलीत दोन टेबलं लावली. खिडकी होती, पण ती समोरच्या भिंतीत उघडायची. डॉक्टरीणबाईंनी तक्त्यांचा गठ्ठा पुढ्यात ठेवला. फोन कितव्या सेकंदाला उचलला, पत्ता कितव्या सेकंदाला मिळाला, माणूस शुद्धीवर नाही हे केव्हा कळलं, श्वासाबद्दल केव्हा विचारलं, हृदय बंद पडलंय हे ओळखलं की नाही, छाती दाबायला सांगितली ती कितव्या सेकंदाला. आणि शेवटी एक लांबट रकाना: फोन करणाऱ्यानं श्वासाबद्दल वापरलेले शब्द, जसेच्या तसे.

"आपण कोणाचा गुन्हा शोधत नाही आहोत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आपण सेकंद शोधतोय. नावं मला नकोत, आणि ती कोणाला देणारही नाही. तुमचे स्वतःचे फोन मी नंबरावरून आधीच बाजूला काढलेत, ते दुसरं कोणी ऐकेल."

तीन पाळ्यांत मिळून सत्तरेक माणसं होती, आणि खुर्चीवर बसताना ज्याचा त्याचा नंबर टाकावा लागे. फोन त्या नंबरावर नोंदला जाई.

थोरली कानात प्राण आणून ऐकू लागली. एकोणीस वर्षं हेच ऐकलं होतं, पण तेव्हा एक फोन संपेपर्यंत दुसरा वाजलेला असायचा. गाडी दारात पोचली की यांचा फोन बंद. पुढे त्या माणसाचं काय झालं ते खोलीत कधीच कळत नसे. शेजारच्या खुर्चीवरचा गवई म्हणायचा, "आपण म्हणजे लग्नाला जाऊन जेवायच्या आधी घरी येणारी माणसं." दोन फोनांच्या मधे तो गुणगुणत बसायचा, म्हणून गवई. एकदा एका बाईनं नवऱ्याला उचक्या लागल्यात म्हणून गाडी मागवली, तर यानं गंभीरपणे विचारलं होतं, "कोणी आठवण काढत असेल, घरात सगळ्यांना विचारून बघितलंत का?" त्याबद्दल त्याला लेखी ताकीद मिळाली होती. ती त्यानं घरी कपाटाच्या दाराला आतून चिकटवली होती.

आता मात्र थोरलीला शेवट आधीच ठाऊक असायचा. फोन उचलला जायचा, कोणीतरी "लवकर या, लवकर या" करत असायचं, आणि हिला माहीत असायचं की पलीकडचा माणूस गेलेला आहे. पहिल्या आठवड्यात तिला जेवण गेलं नाही. दुसऱ्या आठवड्यात सवय झाली, आणि सवय झाली म्हणून स्वतःचाच राग आला.

एकशे सदतिसावा फोन चौदा नंबरावर नोंदलेला होता. दुपारी दोन वाजून एक्केचाळीस मिनिटं. चौदा म्हणजे गवई. त्याचा आवाज ऐकायला मिळणार म्हणून थोरलीला जरा बरंच वाटलं. तिनं हेडफोन कानाला लावला आणि बटण दाबलं.

"ऐका हं," बाईचा आवाज आला. "मी तुमच्याबरोबरच आहे. आधी पत्ता सांगा."

"ऐका हं" अशी सुरुवात त्या खोलीत एकच माणूस करायचं: ती स्वतः.

थोरलीनं फोन थांबवला नाही. तिचा हात उठलाच नाही.

पलीकडे एक तरुण बाई होती. तिनं पत्ता सांगितला. गल्ली, इमारत, दुसरा मजला, सगळं नीट. "आमचे सासरे. खुर्चीत बसल्या बसल्या खाली घसरले. डोळे उघडत नाहीत."

"हाक मारून बघा. हलवून बघा."

"पप्पा! पप्पा!... नाही हो."

"श्वास चालू आहे का?"

"हो हो. घोरतायत. चांगले जोरात घोरतायत."

मागून म्हातारा बायकी आवाज आला, "झोप लागली असेल गं. काल धड झोपलेच नव्हते."

"बरं. त्यांना कुशीवर वळवा. तोंडात काही घालू नका, पाणीसुद्धा नाही. गाडी निघालीय."

मग थोडा वेळ कोणीच बोललं नाही. त्या शांततेत सासऱ्यांचा घसा थांबून थांबून आवाज करत होता. एक आवाज, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा एक. हृदय बंद पडल्यावरही काही जणांचा घसा असा मिनिट-दोन मिनिटं आचके देत राहतो. तो श्वास नसतो. गेल्या तीन आठवड्यांत थोरली हे इतक्या वेळा ऐकून बसली होती की आता पहिल्या आवाजाला ओळखत होती. आणि फोनवरची थोरली काहीच ओळखत नव्हती. तिच्या बाजूनं फक्त चेन ओढल्याचा आवाज आला. पर्सची चेन.

तीन मिनिटं दहा सेकंद. "ताई, घोरायचे थांबले. आता शांत झोपलेत."

"छान. तसंच राहू द्या."

सहा मिनिटं पन्नास सेकंदांना दार वाजलं, बुटांचे आवाज आले. एक पुरुष म्हणाला, "किती वेळ झाला यांना असं?" मग लगेच, वेगळ्याच आवाजात, "उताणं करा, उताणं करा त्यांना!" आणि फोन कटला.

थोरलीनं तक्ता भरला. ओळखलं की नाही: नाही. छाती दाबायला सांगितलं: नाही. शेवटच्या रकान्यात लिहिलं: 'घोरतायत. चांगले जोरात घोरतायत. आता शांत झोपलेत.' अक्षर नेहमीसारखंच आलं होतं, याचं तिला नवल वाटलं.

तो फोन तिला आठवत नव्हता. आठवत होती ती चेन. तिची ड्युटी अडीचला संपली होती, पर्स खांद्याला लागली होती, तेवढ्यात गवई म्हणाला होता, "थोरली, दोन मिनिटं बस ना माझ्या जागी. आई खाली गेटवर आलीय, किल्ली हरवलीय तिची." खुर्ची रिकामी ठेवायची नाही हा नियम, म्हणून ती तशीच त्याच्या नंबरावर बसली. तो वीस मिनिटांनी आला. त्यानं माफी मागितली, आणि ती घाईघाईनं दुकान दुपारचं बंद व्हायच्या आत नवा चष्मा आणायला गेली. तोच चष्मा आता तिच्या नाकावर होता.

दोन दिवस ती काही बोलली नाही. न बोलायला तिच्याकडे चांगलं निमित्त होतं, घसा. डॉक्टरीणबाई मात्र उत्साहात होत्या. दोनशे बारापैकी सहासष्ट फोनांत हृदय बंद पडलेलं ओळखलंच गेलं नव्हतं, आणि त्या सहासष्टांपैकी एक्केचाळीस ठिकाणी शेवटच्या रकान्यात घोरणं, घरघर, उसासे, 'अधूनमधून घेतायत' असंच काहीतरी होतं.

"बघा ना," त्या म्हणाल्या, "सगळ्यांनी नियमाप्रमाणे विचारलंय, श्वास चालू आहे का. आणि घरच्यांनी खरंच उत्तर दिलंय. त्यांना आवाज येतोय, ते हो म्हणणारच. माणसं चुकत नाहीयेत, प्रश्न चुकतोय."

"एक विचारू?" थोरली हळू आवाजात म्हणाली. "वेळेवर ओळखलं असतं तर वाचले असते का?"

"कोण?"

"कोणीही. हे."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा खाली ओढला. "एका माणसाचं नाही सांगता येत. शंभर माणसांचं सांगता येतं. आत्ता आपल्याकडे शंभरातले सहा वाचतात. पहिल्या दोन मिनिटांत छाती दाबायला लागलं तर बारा-तेरा वाचतील."

"म्हणजे बाकीचे सत्त्याऐंशी जातातच."

"हो."

"आणि कोण कुठल्या बाजूचा, हे?"

"ते कोणालाच कळत नाही, ताई. कधीच."

तेव्हाच थोरलीनं सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं तिनं. पण डॉक्टरीणबाईंना फोन आला आणि त्या जिन्यात गेल्या.

आठवडाभरात सहासष्ट फोनांची गोष्ट साहेबांच्या कानावर गेली. साहेब वाईट माणूस नव्हते. ते स्वतः बारा वर्षं गाडीवर होते, आणि रस्त्यातच दगावलेल्या माणसांच्या घरच्यांना तोंड देऊन देऊन त्यांचा एक स्वभाव झाला होता: काही वाईट झालं की कोणीतरी जबाबदार पाहिजे. वरून त्यांना विचारणा आली होती, आणि सहासष्ट हा आकडा घेऊन त्यांना वर जायचं होतं. त्यांनी डॉक्टरीणबाईंकडे फोन घेणाऱ्यांचे नंबर मागितले. बाईंनी नाही म्हटलं, करारात लिहिलंय म्हणून दाखवलं. साहेबांनी वाद घातला नाही. अहवालाच्या मसुद्यात फोनच्या तारखा आणि वेळा होत्याच. त्यावरून नंबर काढायला त्यांना एक दुपार लागली. त्यांनी ठरवलं, तीन किंवा जास्त फोन ज्याच्या नावावर असतील त्याला फोनवरून उठवायचं, सहा आठवडे प्रशिक्षण, मग परीक्षा. असे तीन एकाच नंबरावर निघाले. चौदा.

थोरलीनं गवयाला जिन्यात गाठलं. तो चहाचा कागदी कप घेऊन उभा होता. तिनं एका दमात सांगून टाकलं. चेन, किल्ली, सासरे, सगळं.

गवयानं कप कठड्यावर ठेवला. मग म्हणाला, "कोणाला सांगितलंस?"

"तुलाच. आता साहेबांकडे जाते. चोर सोडून संन्याशाला फाशी नको."

"वेडी आहेस का?" त्यानं आवाज खाली आणला. "जाऊ नकोस. नीट ऐक. फोनवर ओळखता आलं नाही तर प्रशिक्षण आहे. खुर्ची सोडून खाली गेलो, दुसऱ्याला माझ्या नंबरावर बसवलं, तर काय आहे ते माहितीये ना तुला? नियमांच्या पहिल्या पानावर आहे."

"पण तो माझा माणूस होता रे."

"तो गेला, थोरली. तुझाही नाही आणि माझाही नाही आता. नोकरी मात्र माझी आहे." मग जरा मऊ होऊन म्हणाला, "सहा आठवडे बाकावर बसून येतो. मला शाळा आवडायची नाही, पण मरणार नाही मी. तू तोंड मिट."

थोरलीनं मान डोलावली. आपल्या चुकीचं ओझं दुसरा उचलतोय, आणि वर आपल्यालाच गप्प बसायची विनवणी करतोय, हे तिच्या घशाखाली उतरेना. घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो हातांवरची शाई घासत ऐकत होता.

"मी त्या घरी जाऊन येऊ का?" ती म्हणाली. "पत्ता पाठ झालाय. त्या सुनेला सांगते, बाई गं, तुझं काही चुकलं नाही, माझं चुकलं."

"तिला वाटतंय का तिचं चुकलं म्हणून?"

"कोण जाणे."

"मग? तुला हलकं वाटावं म्हणून तिच्या डोक्यावर नेऊन ठेवणार? आज ती म्हणत असेल, आम्ही सगळं केलं, देवाला न्यायचंच होतं. उद्यापासून काय म्हणेल?"

 नवरा बरोबर बोलत होता असं थोरलीला वाटलं नाही. पण चूक कुठे आहे ते सापडेना. ती गेली नाही.

पुढच्या सोमवारी दुपारी साहेबांनी सगळ्यांना वरच्या सभागृहात बोलावलं. ज्यांची ड्युटी नव्हती तेही आले. डॉक्टरीणबाईंनी अर्धा तास समजावून सांगितलं. आलेख दाखवले, प्रश्न कसा बदलायचा ते सांगितलं. लोक लक्ष देऊन ऐकत होते. काही जण खाली बघत होते, मनातल्या मनात आपापले फोन मोजत असावेत. मग साहेब उठले.

"आकडे ठीक आहेत," ते म्हणाले. "पण आकड्यांनी कोणाला घाम फुटत नाही. मी एक फोन ऐकवतो. नाव घेणार नाही, नंबर सांगतो. चौदा."

डॉक्टरीणबाई ताडकन उठल्या. "सर, हे नाही चालणार. त्या घरच्यांचा आवाज आहे त्यात."

"पत्ता कापलाय मी. कळू दे सगळ्यांना, 'शांत झोपलेत' म्हणजे काय ते."

म्हणजे तोच फोन होता. साहेबांनी तो स्वतः ऐकला नव्हता हे उघड होतं. तक्त्यातले शब्द वाचून निवडला होता, आणि कापाकापी कुणा कारकुनाकडून करून घेतली होती. नाहीतर चौदा नंबरच्या पुरुषाच्या फोनवर बाईचा आवाज कसा, हे त्यांना आधीच कळलं असतं. थोरलीला तीन रांगा पुढे गवयाची मान दिसत होती. ती ताठ होती. साहेबांचा हात बटणाकडे गेला.

"साहेब, तो माझा आहे," थोरली म्हणाली.

ती उभी राहिली होती. आवाज घोगरा आला, पण सभागृहात ऐकू गेला.

"काय माझा आहे?"

"फोन. तो मी घेतला होता."

"नंबर तर चौदा आहे."

आता एकेक शब्द जपून वापरायला हवा होता, आणि थोरलीला आयुष्यात कधी धड खोटं बोलता आलं नव्हतं. "माझं मशीन बंद पडलं होतं," ती म्हणाली. "म्हणून मी त्याच्या खुर्चीत बसले. तो शेजारीच उभा होता."

गवयानं मागे वळून पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आता हे कुठपर्यंत जाणार, ते कळलेल्या माणसाचा चेहरा होता तो.

फोन वाजवला गेला नाही, एवढं मात्र झालं. डॉक्टरीणबाईंनी वायरच काढून घेतली.

खोटं दीड दिवस टिकलं. साहेबांनी हजेरी बघितली: थोरलीची ड्युटी त्या दिवशी अडीचला संपली होती. गेटवरची वही बघितली: गवई दोन अडतीसला बाहेर, दोन एकोणसाठला आत, स्वतःच्या सहीनिशी. दोघांना बोलावलं. थोरलीला ताकिदीचं पत्र मिळालं आणि वर्षभरासाठी बढती थांबली. हृदय बंद पडलेलं ओळखता आलं नाही याबद्दल पत्रात एक ओळही नव्हती. दुसऱ्याच्या नंबरावर काम केलं आणि खोटी माहिती दिली, एवढंच होतं. गवयाला फोनवरून काढून शहराबाहेरच्या गाड्यांच्या डेपोत टाकलं. कोणती गाडी किती किलोमीटर धावली, टायर कधी बदलले, ते लिहायला. किमान सहा महिने, मग बघू.

साहेबांच्या खोलीतून बाहेर पडताना गवई एवढंच बोलला, "खोटं बोलायचं होतं तर मला तरी विचारायचंस. मी शिकवलं असतं." आणि जिना उतरून गेला. ती त्याच्यामागे दोन पायऱ्या उतरली आणि थांबली.

डॉक्टरीणबाईंनी तो एकशे सदतिसावा फोन दुसऱ्या कोणाकडून पुन्हा ऐकून घेतला. दुसऱ्या ऐकणाऱ्याचा तक्ता थोरलीच्या तक्त्याशी सेकंदाला सेकंद जुळला. "तुम्ही स्वतःला सूट दिली नाहीत," त्या म्हणाल्या. थोरलीला ते कौतुक वाटलं नाही. त्यांनाही आपण काही चुकीचं बोललो असं वाटलं असावं, कारण त्यांनी लगेच विषय बदलला.

चार महिन्यांनी प्रश्न बदलला. खोलीत प्रत्येक स्क्रीनशेजारी नवं कार्ड लागलं. माणूस शुद्धीवर नसेल तर 'श्वास चालू आहे का' एवढं विचारून थांबायचं नाही. 'त्यांच्या पोटावर हात ठेवा, आणि पोट वर आलं की प्रत्येक वेळी मला आता म्हणा.' दोन 'आता'मधलं अंतर मोजायचं. लांबलं तर वाट बघायची नाही, छाती दाबायला लावायची.

थोरलीचा घसा तोवर बरा झाला होता आणि ती फोनवर परतली होती. आवाज थोडा जाड राहिला. कार्ड लागल्याच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी अकराच्या सुमारास, एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन आला. बायको मोरीत पडली होती. "श्वास घेतेय, उसासे टाकतेय," ते म्हणाले. थोरलीनं हात ठेवायला सांगितलं. "आता," ते म्हणाले. मग तिनं मनात मोजलं. नऊपर्यंत पोचली तरी दुसरा 'आता' आला नाही.

"ऐका हं. गुडघ्यावर बसा. छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेवा. जोरात दाबा, माझ्याबरोबर मोजा."

"तिला दुखेल हो."

"दुखू दे. मोजा. एक, दोन, तीन, चार."

ते मोजत राहिले, धापा टाकत, मधूनच बायकोला काहीतरी खाजगी बोलत. सात मिनिटं. मग दार वाजलं, माणसं आली आणि फोन बंद झाला.  पुढचा फोन बोट कापल्याचा होता. मोरीत पडलेल्या त्या बाईंचं काय झालं म्हणून तिनं चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंना विचारायला लावलं. त्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात वारल्या होत्या.

"तुम्ही सगळं बरोबर केलंत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"हो," थोरली म्हणाली. तिला ते ठाऊकच होतं. त्यानं काही हललं नाही.

सहा महिने उलटून गेले तरी चौदा नंबरला गवई आला नाही. थोरली एकदा दुपारी बस बदलून डेपोत गेली. पत्र्याची लांब शेड, ऑइलचा वास, धुतलेल्या गाड्या उन्हात निथळत होत्या. कोपऱ्यात काचेच्या खोलीत तो वही घेऊन बसला होता. तिला बघून उठला, खुर्चीवरचा कागदांचा ढीग खाली ठेवला, बस म्हणाला.

त्यांनी त्याच्या आईबद्दल बोलून घेतलं, थोरलीच्या नवऱ्याच्या गुडघ्याबद्दल बोलून घेतलं. मग तिनं विचारलं, "रागावलायस?"

"नाही." त्यानं विचार केला. "आहे. थोडा आहे. तू उभी राहिलीस त्याचा नाही. मी तुला जिन्यात जे बोललो ना, त्याचा. तो तुझ्यावर काढतो, घरी बसून."

"मग परत का नाही आलास? मुदत संपली म्हणे."

"बोलावलं होतं. साहेबांनी स्वतः फोन केला. मी नाही म्हटलं."

"का?"

गवयानं पेनाचं टोपण लावलं, काढलं. "माझ्या नावावर तीन होते. एक तुझा. उरलेले दोन माझेच होते की. डॉक्टरीणबाईंना जाऊन म्हटलं, मला ऐकवा. त्या नको म्हणत होत्या. ऐकले." तो बाहेर बघत होता. "एकात तर मी गुणगुणतोय गं. फोन चालू आहे, पलीकडे ती मुलगी आईला हाका मारतेय, आणि मी वाट बघता बघता गुणगुणतोय. हळूच. तिला ऐकू गेलं नसेल बहुतेक."

 बाहेर कोणीतरी गाडीचं मागचं दार आपटलं, पुन्हा उघडून पुन्हा आपटलं. ते नीट लागत नव्हतं.

"तू कशी बसतेस तिथे?" त्यानं विचारलं. खरंच विचारत होता तो.

"भीती वाटते," ती म्हणाली. "प्रत्येक फोनला. पूर्वी वाटायची नाही. बसते तरी."

"बरं आहे की वाईट?"

"माहीत नाही."

त्यानं मान हलवली. मग उठून दारात गेला आणि त्या दार आपटणाऱ्याला ओरडून सांगितलं, "अरे, बिजागरी वाकलीय त्याची! आपटून काय होणार? राहू दे, मी लिहून घेतो." परत येऊन त्यानं वहीत गाडीचा नंबर लिहिला, पुढे बिजागरी लिहिलं, आणि तारीख टाकली. थोरलीची ड्युटी अडीचला सुरू व्हायची होती. तिनं घड्याळ बघितलं, पर्स उचलली, आणि तो तिला बसथांब्यापर्यंत सोडायला निघाला.